पोटलीचा भाव आणि हातातली पट्टी: धाकटीसाठी चार देशांतली बिझनेस स्कूल पाहिली, त्याचा हिशेब

लातूरच्या मार्केट यार्डात माझी भुसार आडत आहे. तूर, सोयाबीन, हरभरा. आमच्याकडे सौद्याला आधी पोटली निघते. चांगल्या मालाचा मूठभर नमुना फडक्यात बांधलेला असतो, त्याचा भाव पुकारतात आणि दुपारपर्यंत तो आकडा व्हॉट्सॲपवर जिल्हाभर फिरतो. शेतकरी तो ऐकून ट्रॅक्टर भरून येतो. मग ओल निघते, माती निघते, डागी दाणा निघतो, हमाली-तोलाई वजा होते आणि संध्याकाळी हातात हिशेबाची पट्टी पडते तेव्हा खरं काय ते कळतं. २०२४ च्या दिवाळीत सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि यार्डात माल चार-सव्वाचार हजारांनी जात होता. त्याच दिवाळीत आमच्या धाकटीने माझ्यापुढे कॉलेजांची यादी ठेवली. म्हणून हे सगळं मी पोटली आणि पट्टीच्याच भाषेत सांगणार, दुसरी भाषा मला येत नाही.

लातुरात बारावीचं लेकरू म्हणजे नीट नाहीतर जेईई. गल्लीगल्लीत क्लास, मेस आणि हॉस्टेलं. अशा गावात पोरीने कॉमर्स घेतलं, तेही गणित ठेवून, तेव्हा सोयरेधायरे विचारायचे, "मार्क कमी पडले का?" तिला दहावीला ९४ टक्के होते. तिला धंदा शिकायचा होता. मी म्हटलं, दुकानात बस, फुकट शिकवतो. ती म्हणाली, "पप्पा, तुमचा धंदा तुम्हाला येतो, पण तो का चालतो ते तुम्हाला सांगता येत नाही." हे मला लागलं, पण खोटं नव्हतं.

आधी पुण्यात एका सल्लागाराकडे गेलो. नाव घेत नाही. गार ऑफिस, भिंतीवर झेंडे, कॉफी. "आमची फी शून्य," म्हणाला. मी तिथंच सावध झालो. बाबा रे, मी तीस वर्षं आडत करतो. जो शेतकऱ्याकडून काही घेत नाही, तो घेणाऱ्याकडून घेतो, एवढं तरी कळतं. पोरीने चार नावं सांगितली, त्याने चारही बाजूला सारून इंग्लंडमधली भलतीच दोन विद्यापीठं पुढे केली. "तुमच्या प्रोफाइलला हेच सूट होतं." पोरीची मार्कशीट त्याने तोवर उघडलीही नव्हती. कमिशन घेणं पाप नाही, मीही घेतो. पण माझी आडत बाजार समितीच्या दराने ठरलेली असते आणि सगळ्यांना माहीत असते. त्याला विचारलं, तुम्हाला तिकडून किती सुटतात? हसला आणि दुसरी कॉफी मागवली. आम्ही उठलो. पुढचं सगळं पोरीने आणि मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर केलं, रात्री शटर अर्धं ओढून.

काही देश पटकन गळाले. जर्मनीत मानहाइम. सरकारी, नाव मोठं, आणि त्या राज्यात आपल्यासारख्या बाहेरच्यांना सेमिस्टरला फक्त १,५०० युरो. माझे डोळे चमकले. पण आपली बारावी तिकडे थेट चालत नाही. इथं कॉलेजचं एक वर्ष करा नाहीतर तिकडे जाऊन तयारीचं वर्ष काढा, वर कोर्स जर्मनमधून. राहिलं. कॅनडाने २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांना मर्यादा घातली आणि नोव्हेंबरात झटपट व्हिसाची सोयही बंद केली, तिथं मी मन लावलं नाही. अमेरिकेचा खर्च ऐकून हिची आई म्हणाली, "तेवढ्यात यार्डात दुसरा गाळा येईल." इंग्लंडची तीन वर्षं चांगली, पण शिक्षणानंतर तिथं राहून काम करायला मिळणारी दोन वर्षं दीडवर येणार असल्याचं पुढे जाहीर झालं. २०२७ च्या जानेवारीपासून अर्ज करणाऱ्यांना ते लागू. आमची २०२८ ला बाहेर पडणार, म्हणजे नेमकी त्यात सापडली असती. सल्लागाराच्या कॉफीत हे कुठंच नव्हतं.

उरली चार नावं: इंदूर, सिंगापूर, रॉटरडॅम, मिलान.

इंदूरबद्दल आधी एक कबुली. आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा कोर्स २०११ पासून आहे. बारावीनंतर थेट प्रवेश, पहिली तीन वर्षं पाया आणि पुढची दोन एमबीएवाल्या पोरांसोबत. मला विचाराल तर भारतात राहून याच्याहून चांगला माल नाही. रात्रीच्या गाडीने जाता येतं, पोहे मिळतात, होळकरांचं गाव, मराठी कानावर पडतं. पण शेवटच्या दोन वर्षांची फी एमबीएच्याच दराने, तेव्हा पहिल्या वर्षाचा आकडा बघून स्वस्त म्हणू नका. पोरीने परीक्षा दिली. गणिताच्या एका भागात पर्याय नसतात, उत्तराचा आकडा स्वतः टाकायचा. तिथं ती अडकली. मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. त्यामुळे मी इंदूर नाकारलं असं म्हणणार नाही. इंदूरने आम्हाला नाकारलं. बोलावणं आलं असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली असती का, देव जाणे.

सिंगापूर मला मनापासून आवडलं होतं. एसएमयू म्हणजे सिंगापूर मॅनेजमेंट युनिव्हर्सिटी, २००० साली सुरू झालेली, शहराच्या ऐन मध्यात. वर्गात चाळीस-पंचेचाळीस पोरं आणि वर्गात किती बोलता याला मार्क. आमची घरात कडकलक्ष्मी, पण इंग्रजीत चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की गप्प. मला वाटलं, हेच औषध आहे. आणि फीचं म्हणाल तर तिथलं सरकार परदेशी पोरांनाही अनुदान देतं, त्याने फी निम्म्याच्या आसपास येते. मी तर हरखलो. मग करारनामा वाचला. अनुदान घेतलं की पदवीनंतर तीन वर्षं सिंगापूरच्या कंपनीत काम करायचं. आणि जामीनदार द्यायचे. इथवर ठीक, मी आयुष्यभर लोकांना जामीन राहिलोय. पण नोकरी स्वतः शोधायची. बांधून तुम्ही घ्यायचं आणि नोकरी देऊ असं कोणी लिहून देणार नाही. शेतकऱ्याने माल मलाच घालायचा, पण मी तो घेईनच असं नाही, असा करार मी कोणाशी केला तर यार्डात मला उभं करणार नाहीत. तरी सांगतो, ज्याला सिंगापुरातच राहायचंय त्याला ही अट अटच नाही, तो राहणारच आहे. आमची म्हणाली, "चार वर्षं कोर्स आणि तीन वर्षं बांधिलकी. मी पंचविशीची होईन." सतराव्या वर्षी पंचविशी म्हणजे म्हातारपण वाटतं. मी वाद घातला नाही.

रॉटरडॅम. इरॅस्मस विद्यापीठाची मॅनेजमेंट स्कूल. शिकवण्याच्या बाबतीत चौघांत हीच सरस वाटली मला, अजूनही वाटते. नुसतं अर्थशास्त्र नाही. माल, वाहतूक, खरेदी, गोदाम हे सगळं. युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर दाराशी असल्यावर शिकवणार काय दुसरं? फी मिलानपेक्षा कमी. जागा ठरलेल्या, अर्ज १५ जानेवारीच्या आत, आणि १५ एप्रिलला प्रत्येकाला क्रमांक मिळतो. इथवर गोड. अडचण पहिल्या वर्षाची. नेदरलँड्समध्ये वर्षाचे ६० क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळणारे गुणांक, असतात आणि पहिल्या वर्षी ठरलेले क्रेडिट मिळाले नाहीत तर त्या कोर्समधून बाहेर. आम्ही पाहिलं तेव्हा रॉटरडॅमचा बाणा असा की साठच्या साठ पहिल्याच वर्षात व्हायला हवेत, हीच रीत. एखाद्या विषयात थोडं कमी पडलं तर दुसऱ्यातून भरून काढायची सोय आहे, पण दोर घट्टच. हुशार, शिस्तीच्या पोराला हे उत्तमच. पण जी पोर पहिल्यांदा घर सोडतेय, जिला डाळीत कढीपत्ता नसला तरी रडू येतं, तिला पहिल्या वर्षी एखादी ठेच लागणारच. त्यात तिथं खोल्यांचा दुष्काळ. कॉलेजात जागा मिळते आणि डोक्यावर छप्पर मिळत नाही.

मग मिलान. बोक्कोनी.

हे नाव मला उच्चारता यायला महिना लागला. यार्डातले हमाल अजून 'बकोनी' म्हणतात. पण त्याची गोष्ट वाचली आणि मी अर्धा विरघळलो. फेर्दिनांदो बोक्कोनी कापडाचा व्यापारी होता, मोठमोठी दुकानं काढली. त्याचा मुलगा लुईजी १८९६ मध्ये आफ्रिकेत अडुवाच्या लढाईत गेला. बापाने १९०२ साली मुलाच्या नावाने हे विद्यापीठ काढलं. कापडवाल्याने काढलंय म्हटल्यावर मला ते आपल्यातलं वाटलं. (माहितीपत्रक बघून पाघळू नका असं मी सगळ्यांना सांगतो. मी स्वतः पाघळलो ते असा.)

आता अर्ज. तिथं बारावीचे मार्क आधी बघतच नाहीत. त्याच्या आधीच्या दोन वर्षांचे बघतात, म्हणजे आपली दहावी आणि अकरावी, आणि जोडीला त्यांची परीक्षा किंवा एसएटी ही अमेरिकी प्रवेशपरीक्षा. अकरावी! महाराष्ट्रात अकरावी म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. विश्रांतीचं वर्ष. कॉलेजातल्या क्लार्कबाईंनी चष्मा वर करून विचारलं, "अकरावीची मार्कशीट? इंग्रजीत? कशाला हो?" आजवर मागायला कोणी आलंच नव्हतं. तिसऱ्या खेपेला कपाटावरच्या गठ्ठ्यातून रजिस्टर निघालं, वर धूळ, आत उंदराने कुरतडलेला कोपरा. नशीब, कोपऱ्यात आमचा रोल नंबर नव्हता. बाईंनी स्वतः टाइप करून, दोनदा तपासून शिक्का मारून दिलं. ज्यांची पोरं आता अकरावीत आहेत त्यांना हात जोडून सांगतो, हे वर्ष वाया घालवू देऊ नका आणि मार्कशीट त्याच वर्षी घेऊन ठेवा.

मार्चमध्ये प्रवेश मिळाल्याचं आलं आणि लगेच इसार मागितला. जागा धरायची तर पहिला हप्ता भरा. तेव्हा बारावीचा निकाल नाही, इंदूरची परीक्षा नाही, रॉटरडॅमचा क्रमांक नाही. बैल बघायच्या आधी इसार! दोन रात्री झोप नाही. शेवटी मी पोरीला एकच विचारलं, "यांच्याकडे नापास झालीस तर काय होतं?" तिने वाचून सांगितलं: पेपर पुढच्या सत्रात परत देता येतो, एका पेपरापायी कोणी घरी पाठवत नाही. मी म्हटलं, भर. लोकांना वाटतं मी इमारत, नाव, पगाराचे आकडे बघून ठरवलं. पगाराचे आकडे म्हणजे पोटली, कुठल्याही कॉलेजची. ठेच लागली तर कोण काय करतं, ही माझी पट्टी.

फी वर्षाला पंधरा हजार युरोंच्या वर. सवलतीसाठी अर्ज केला, तर इटलीच्या नियमाने घरच्या मालमत्तेचाही हिशेब लागतो, आणि देशाबाहेरचं घर चौरस मीटरला सरसकट ५०० युरो धरतात. आमचा वडिलोपार्जित वाडा. मातीच्या भिंती, १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मागची बाजू उतरवून पत्रे टाकलेले. पण ऐसपैस, २८० चौरस मीटर भरला. झाले १ लाख ४० हजार युरो! वडील असते तर म्हणाले असते, आत्ताच विकून टाक त्यांना. मिलानमध्ये २८० मीटरवाला कोट्यधीश असतो, लातुरात त्याचं छत गळतं, हे त्या कागदाला कसं कळणार. सवलत मिळाली नाही.

निकाल ५ मेला लागला. आमचा लातूर विभाग राज्यात शेवटचा, आमची ९१ टक्के. मग कागदांची वारी: बोर्डात पडताळणी, मुंबईला मंत्रालय, परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला शिक्का), व्हिसा. एक पैशाची गोष्ट सांगून ठेवतो. २०२५ च्या एप्रिलपासूनच्या नियमाने, बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर बाहेर पाठवलेल्या फीवर टीसीएस (पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर) कापत नव्हते; खिशातून पाठवलं तर वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर तेव्हा, २०२५ मध्ये, ५ टक्के होते. मी कर्ज न काढणारा माणूस, पण इथं काढलं.

सप्टेंबरात पोहोचवायला दोघं गेलो. हिच्या आईने पिशवीत काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि पाच किलो ज्वारीचं पीठ भरलं, मी तुरीची डाळ. आमच्याच गिरणीची.

बोक्कोनीची इमारत ब्लिन्यी रस्त्यावर, बाहेरून करड्या दगडाची, बोजड. मला गोदामच वाटलं. पण फुटपाथवरून काचेतून खाली बघितलं की खोल मोठं सभागृह दिसतं, रस्त्याच्या पातळीच्या खाली. ट्राम जाते आणि खाली पोरं लेक्चर ऐकतायत. मी तिथं पाच मिनिटं उभा राहून बघत होतो; एक पोरगा वर बघून हसला. जुन्या इमारतीच्या दाराशी दोन दगडी सिंह आहेत. मी सरळ मधून निघालो, तर पोरीने शर्ट धरून मागे ओढलं. "पप्पा, मधून जायचं नसतं! जो जातो त्याची पदवी होत नाही म्हणतात." मी म्हटलं, माझी पदवी तशीही झालेली नाही, सिंह काय करतील? मी मधून गेलो, ती वळसा घालून आली.

त्या आठवड्यातलं खरं शिक्षण पोस्टात झालं. इटलीत उतरल्यावर कामकाजाच्या आठ दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोस्टातून करायचा. त्याला १६ युरोचं स्टॅम्प तिकीट लागतं, आणि ते तिकीट मिळतं पानटपरीवर! म्हणजे सिगारेट विकणाऱ्या दुकानात. मला फार आवडलं हे. अर्जाची पावती मिळते, परवाना हातात येईपर्यंत तीच जपायची. पोरीने अजून ती आधार कार्डासारखी पाकिटात ठेवलीय.

खोलीचं मात्र फसलं. एका दलालाने व्हिडिओवर दाखवलेली खोली वेगळी आणि चावी दिली ती वेगळी. खिडकी होती, पण ती दुसऱ्या भिंतीकडे उघडणारी. अनामत परत मिळायला डिसेंबर उजाडला, तीही कापून. आता ती दोघींसोबत राहते. एकटीला खोली घ्यायची तर सातशे-आठशे युरो सहज जातात. जाऊन, बघून, मग पैसे द्या; तोवर पहिले दहा दिवस हॉस्टेलात काढा.

खाण्याचं विचारतात सगळे. आम्ही शाकाहारी. मिलानचा केशरी भात दिसायला सुंदर, पण तो बहुतेक मांसाच्या-हाडांच्या रश्शात शिजवतात, तेव्हा विचारल्याशिवाय तोंडात घालू नका. मक्याच्या कण्या मिळतात, त्याला पोलेंता म्हणतात, वरून आमची चटणी घातली की जमतं.

शिकवण्याबद्दल. पोर सांगते त्यावरून, गणित आणि आकडेमोड अपेक्षेपेक्षा जड. धंदा शिकायला गेलेल्याला पहिलं वर्ष अर्थशास्त्र, अकाउंट्स, कायदा आणि गणित यातच जातं. ज्याला माल, दुकान, गिऱ्हाईक यात रस आहे त्याला ते कोरडं वाटेल; त्याने रॉटरडॅमच बघावं, मी परत सांगतो. वर्गात नियमित बसणाऱ्यांना वेगळ्या पद्धतीने परीक्षा, अर्धी मध्ये, अर्धी शेवटी. गटाने करायच्या कामात दोघं राबतात आणि तिघं नाव लावतात, हे जगभर सारखंच दिसतंय. आणि कोर्स इंग्रजीत असला तरी इटालियन न शिकता तिथं नोकरी मिळेल या भ्रमात राहू नका. हिने पहिल्या आठवड्यातच वर्ग लावला.

मी एक गोष्ट सपशेल चुकलो. आयुष्यभर भाव बघणारा माणूस, आणि युरोचा भाव धरून चाललो. दिवाळीत हिशेब मांडला तेव्हा युरो ९१-९२ रुपये होता. ती विमानात बसली तोवर शंभर ओलांडून गेला होता. राहणं, खाणं, फी मिळून वर्षाचे तीस हजार युरो धरा. युरोमागे बारा रुपये वाढले की साडेतीन लाखांवर फरक. तुरीत एवढा खड्डा पडला असता तर महिनाभर मी कोणाशी बोललो नसतो. कर्ज मंजूर करून घेताना युरोचा भाव पंधरा टक्के जादा धरा, बँकवाला नको म्हणाला तरी.

फेब्रुवारीत तिचा अकाउंट्सचा निकाल आला. तिथं ३० पैकी मार्क, १८ ला पास. दुकानात सौदा चालू होता तेव्हाच फोन आला.

"पप्पा, चोवीस."

"चांगले आहेत की. पण सहा कुठं गेले?"

"हमाली-तोलाई," म्हणाली, आणि गणिताचा पेपर परत द्यावा लागणार हे घाईघाईत सांगून फोन ठेवला.